एक लुगडे आणि दोन चाके

आम्ही कामरगावच्या बाया बोलतोय. आज स्वयंपाकाची कृती नाही, की बचत गटाचा हिशेब नाही. आज सांगायची आहे एका जुन्या लुगड्याची गोष्ट. ते लुगडे आम्हाला सायकलमुळे सापडले.

कारंज्याला आपण सगळ्याच जातो. बाजाराला, दवाखान्याला, तहसीलच्या कामाला, गुरुमंदिरात दर्शनाला. एसटीत बसलो की डोळा लागतो, उतरलो की कामाची घाई, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून पुन्हा पळापळ. इतकी वर्षे कारंज्याला जातो, पण कारंजा पाहिले का, असे कोणी विचारले असते तर आम्ही काय सांगणार होतो?

मागच्या हिवाळ्यात आम्ही सात जणी सायकलने गेलो. कोणाची सायकल पोरीची, कोणाची दिराची, एक तर ब्रेक नसलेली, ती आधी दुरुस्त करून घ्यावी लागली. पहाटे निघालो. आपला रस्ता गाडीतून सपाट वाटतो. सायकलवर बसल्यावर कळते की तो कुठे कुठे श्वास खातो. पऱ्हाटीची वावरे, तुरीचे शेंडे, मधेच एखादा नाला, मग पुन्हा चढ. चढावर उतरून हाताने सायकल ढकलत चाललो. कोणी हसले, कोणी विचारले, "काय बाई, मोर्चा हाय का?" आम्ही म्हटले, "नाही, कारंजा पाहायला चाललो." मग ते अजूनच हसले.

कारंज्यात शिरताना सायकलचा वेग माणसाच्या वेगाचा झाला, आणि तेव्हा आम्हाला वेस दिसली. या गावाला चार वेशी होत्या. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस. नावेच सांगतात की कुठल्या दरवाज्यातून कुठल्या गावाची वाट निघत होती. जवळच्या पोह्यापासून थेट दिल्लीपर्यंत. ज्या गावाच्या दरवाज्याला दिल्लीचे नाव पडते, त्या गावाचा व्यापार केवढा असेल!

आणि तो खरेच मोठा होता. वऱ्हाडातला कापूस आणि कापड, सोने-चांदी, सावकारी पेढ्या. कारंज्याच्या नावामागे लाड लागले ते लाड समाजामुळे, असे मानतात. इथे जैन भट्टारकांच्या गाद्या होत्या. काष्ठासंघाच्या मंदिरातले लाकडाचे कोरीवकाम बघायला आजही लोक लांबून येतात. इथल्या ग्रंथभांडारांत जुन्या हस्तलिखित पोथ्या शतकानुशतके जपल्या गेल्या. गेल्या शतकात हीरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांनी त्या उघडून अभ्यासल्या, आणि १९३० च्या दशकात त्यांतले अपभ्रंश भाषेतले काव्यग्रंथ 'कारंजा जैन ग्रंथमाले'त छापून निघाले. आपली मराठी ज्या भाषांच्या कुशीत वाढली, त्यांतली ही एक. म्हणजे भाषेचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या लोकांना आपले कारंजा ठाऊक आहे. आपल्याला मात्र तिथली कापडाची दुकाने ठाऊक. दत्तभक्तांसाठी तर ही नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी.

तिथे एका जुन्या वाड्याची गोष्टही ऐकायला मिळते. परदेशी व्यापारी कस्तुरी विकायला आला, आणि एवढा माल घेणारा या गावात कोण, असे म्हणाला. तेव्हा एका संघई सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि वाड्याच्या बांधकामाच्या चुन्यात कालवून टाकली. ही दंतकथा. पण दंतकथासुद्धा श्रीमंत गावाबद्दलच अशी जन्मते.

आता लुगड्याकडे येऊ.

साल १६७०. शिवाजी महाराजांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुसऱ्यांदा सुरत लुटली. त्याच हिवाळ्यात, डिसेंबरच्या सुमारास, मराठी फौज खानदेशातून भरधाव आली, बुऱ्हाणपूरजवळचे बहादुरपुरा लुटले आणि वऱ्हाडात उतरून कारंज्यावर येऊन थडकली. कारंजा तेव्हा मोगलांच्या मुलखातले गाव. कोणाला सुगावा नव्हता. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी या लुटीचा तपशील दिला आहे. तलम कापड, सोने, चांदी मिळून एक कोटीचा ऐवज, आणि तो वाहून न्यायला चार हजार बैल आणि गाढवे. गावातले धनिक खंडणीसाठी पकडून नेले. पण सगळ्यांत मोठा जो सावकार होता, तो हाती लागला नाही. तो बाईच्या वेषात निसटला.

चार हजार जनावरांची रांग आणि हत्यारबंद स्वार. त्यांच्या मधून एक माणूस डोक्यावरून पदर घेऊन, मान खाली घालून चालत गेला, आणि त्याला कोणी अडवले नाही. का अडवले नाही? कारण महाराजांचा सक्त हुकूम होता की बाईमाणसाला हात लावायचा नाही. हे फक्त त्यांचे गुणगान करणारेच लिहितात असे नाही. खाफी खान हा मोगलांच्या बाजूचा बखरकार, महाराजांना नावे ठेवणारा. त्यानेसुद्धा कबूल केले आहे की बायका, मशिदी आणि कुराण यांना त्रास द्यायचा नाही, असा त्यांचा कडक दंडक होता. सावकाराला तो दंडक ठाऊक असणार. त्याने जीव वाचवला तो तलवारीने नाही, पैशाने नाही. लुगड्याने वाचवला.

आम्ही वेशीजवळ सायकली उभ्या करून ही गोष्ट एकमेकींना सांगितली. आधी खूप हसलो. मग आमच्यातली एक म्हणाली, "बरं, तो गेला. पण खऱ्या बाया कुठं होत्या?"

आणि आम्ही गप्प झालो. लूट किती, बैल किती, धनिक किती, सगळे मोजलेले. पण त्या सकाळी कारंज्याच्या बायांनी चूल पेटवली का, लेकरे कुठे लपवली, नवरा पकडून नेल्यावर घर कोणी सांभाळले, खंडणीचे पैसे कोणी जमवले, याबद्दल एक ओळ नाही. कारंज्याच्या लुटीच्या गोष्टीत एकच लुगडे येते, आणि त्यातही पुरुष आहे.

ही गोष्ट आमच्या डोक्यातून जाईना. ही फौज आली कुठून? शोध घेतला तेव्हा कळले की कारंज्याच्या आधी त्या हिवाळ्यातली मोठी लढाई झाली ती नाशिक जिल्ह्यात, वणी आणि दिंडोरीच्या रानात. सुरतेची लूट घेऊन महाराज बागलाणातून परत निघाले. दाऊदखान कुरेशी मोगली फौज घेऊन आडवा आला. त्याचा सरदार इखलासखान उतावीळपणे पुढे घुसला आणि जखमी झाला. मराठ्यांनी उघड्या मैदानात मोगलांना रोखून धरले आणि सुरतेची लूट सुखरूप घरी पोचवली. दिंडोरी ते कारंजा हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी पावणेचारशे किलोमीटर भरेल. एकाच हंगामातल्या या दोन जागा. एक आपल्या दारातली, दुसरी आपण कधी न पाहिलेली. मग ठरले. दिंडोरीचे रानही सायकलवरूनच पाहायचे.

कारंज्यावरून आता समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरचा, नागपूरहून मुंबईच्या बाजूला, वाटेत नाशिक जिल्हाही लागतो. पण त्यावर सायकलला बंदी आहे. मोटारसायकललाही आहे, ट्रॅक्टरलाही आहे. त्यामागे सुरक्षेचे कारण आहे आणि ते खरेही आहे. तरी मनात येतेच की आपल्या वावराशेजारून एवढा मोठा रस्ता गेला, आणि आपल्याकडे जे वाहन आहे तेवढेच त्यावर चालत नाही. मुर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जाणारी, कापसासाठी टाकलेली आपली शकुंतला रेल्वेही बंद पडून आहे. आम्ही एसटीने मुर्तिजापूर गाठले, तिथून मुंबईकडच्या गाडीने नाशिक रोड, आणि सायकली नाशकात भाड्याने घेतल्या. गिअरच्या होत्या. अर्धा तास तर गिअर आम्हाला चालवत होते.

पहिल्या दिवशी पांडवलेणी पाहिली. पायऱ्या चढून तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गेलो. तिथे भिंतीवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. तो कोणाच्या नावाचा आहे, माहीत आहे? गौतमी बलश्री या बाईच्या. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी हा तिचा मुलगा. मुलगा गेला, नातू पुळुमावी गादीवर बसला. नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी या म्हाताऱ्या राणीने हे लेणे कोरवून बौद्ध भिक्षूंना दान दिले, आणि मुलाचे पराक्रम दगडावर लिहवून घेतले. म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या लेखात मुलाच्या ताब्यातल्या देशांची नावे आहेत. असक, मुळक, अपरांत... आणि त्यात आपला विदर्भ! नाशिकच्या डोंगरात एका आजीने आपल्या मुलखाचे नाव कोरून ठेवले आहे. मुलाची ओळखसुद्धा तिथे आईच्या नावाने आहे, गौतमीचा पुत्र म्हणून.

आम्हाला कारंज्याची वेस आठवली. तिथे एकाही बाईचे नाव उरले नाही, इथे एका बाईचे नाव अठराशे वर्षे टिकले. फरक काय? इथल्या बाईने स्वतः लिहवून घेतले. ती राणी होती, तिच्याकडे पैसा होता, हे खरे. पण लिहवून घ्यायचे तिला सुचले, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या दिवशी दिंडोरी रस्ता धरला. फेब्रुवारीची सकाळ, बोटे गारठलेली. शहर सुटले की डाव्या हाताला रामशेजचा किल्ला दिसतो. बुटका, साधा डोंगर. पण १६८२ पासून औरंगजेबाच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. पुढे रस्ता वर-खाली होतो, आणि दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा सुरू होतात. आपल्याकडे जशी पऱ्हाटी, तशी इथे द्राक्षे. बागेमागे बाग, आणि वणीकडे सप्तशृंगीच्या बाजूची डोंगररांग.

द्राक्षाची शेती आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिली. इथे वेलाची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर नव्या काड्या तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यावर फळ येते. जानेवारी ते मार्च काढणी. युरोपात द्राक्षे उन्हाळा संपून थंडीच्या तोंडावर काढतात, आपल्याकडे थंडी संपताना. मधल्या काळात वांझ फुटी काढायच्या, शेंडे मारायचे, घडातले जादा मणी कात्रीने विरळायचे. ही सगळी बारीक हाताची कामे, आणि ती बहुतेक बायांच्याच वाट्याला.

वाइनची द्राक्षे खायच्या द्राक्षांसारखी नसतात. मणी लहान, साल जाड, आत बिया. रंग आणि चव सालीत असते, म्हणून लाल वाइन करताना रस सालीसकट आंबवतात, पांढरीसाठी रस आधी गाळून घेतात. महाराष्ट्रात हा धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला, आणि नाशिकमध्ये वाढला तो २००० नंतर. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले आणि वाइनरी वाढल्या.

तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. वाइन आम्ही चाखली नाही. आमच्यातल्या निम्म्या जणींनी गावात दारूच्या दुकानाविरुद्ध मोर्चे काढले आहेत. बाटलीने काय काय मोडते ते आम्ही घरात पाहिले आहे. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळावा असेही वाटते, आणि बाटलीची भीतीही वाटते. या दोन्ही गोष्टी आमच्या मनात एकाच वेळी आहेत, आणि दिंडोरीच्या रस्त्यावर त्यांचा निवाडा झाला नाही. द्राक्षे मात्र पोटभर खाल्ली.

एका बागेच्या कडेला पाणी प्यायला थांबलो. आत बाया घड काढून क्रेटमध्ये ठेवत होत्या. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून कामाला आलेल्या. एक बाई बांधावर आली.

"कुठल्या गं तुम्ही?"

"वाशिमकडच्या."

"एवढ्या लांबून सायकल चालवायला आल्या? घरच्यांनी सोडलं?"

"सोडलं नाही, आम्ही निघालो," आमच्यातली म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या.

आम्ही विचारले, "तुम्ही कामाला कशा येता?"

"पिकअपमधी. उभं राहून. पहाटं भरतात, सांजंला सोडतात." मग आमच्या सायकलच्या सीटवर हात फिरवत ती म्हणाली, "माझ्या पोरीला शाळेतून भेटली होती सायकल. तिचा बाप रोजावर घेऊन जातो. पोरगी पायी जाती."

आम्ही एकमेकींकडे पाहिले. कारण आमच्या सातांपैकी तिघींच्या घरी हेच झाले होते.

जिथे १६७० मध्ये लढाई झाली, तिथे आज सांगायला काही उभे नाही. द्राक्षांचे मांडव, विहिरी, ठिबकच्या नळ्या. आम्ही वणीच्या रस्त्याला एका झाडाखाली भाकरी सोडल्या आणि त्या बाईच्या पोरीबद्दलच बोलत राहिलो. सायकल मिळूनही ती पायी का? आणि सायकल बाईच्या हाती टिकली तर काय होते?

याचा इतिहास आहे, मैत्रिणींनो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. आज आपण जी सायकल पाहतो, दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ती १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलपने हवेचे टायर काढले. मग झग्यासाठी मधला दांडा खाली वाकवलेली बायकांची सायकल आली. आपल्याकडच्या लेडीज सायकलला साखळीवर झाकण आणि मागच्या चाकाला जाळी असते ना, ती लुगडे-ओढणी अडकू नये म्हणून. म्हणजे यंत्राला बाईच्या कपड्याशी जुळवून घ्यावे लागले.

युरोपात द्राक्षांच्या टेकड्या आणि जुनी गावे सायकलवरून पाहायची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. फॅनी बुलक वर्कमन नावाची अमेरिकन बाई १८९५ मध्ये नवऱ्याबरोबर स्पेनभर सायकलने फिरली. नंतर ही जोडी हिंदुस्थानात आली आणि इथली मंदिरे पाहत हजारो किलोमीटर सायकलने हिंडली, तीसुद्धा घोळदार झगा घालून. पुढे १९१२ मध्ये काराकोरमच्या बर्फात तिने 'बायकांना मत हवे' असे लिहिलेला कागद हातात धरून फोटो काढला.

दुसरी इटलीची, अल्फॉन्सिना स्ट्राडा. १९२४ मध्ये इटलीची सर्वांत मोठी सायकल शर्यत, जिरो द इतालिया, तिने पुरुषांबरोबर धावली. असे करणारी ती एकटीच. नावाच्या यादीत तिचे नाव शेवटचे अक्षर गळून 'अल्फॉन्सिन' असे पुरुषी लागले होते. पाहा हं, आपल्या सावकाराला वाटेने सुखरूप जायला बाईचा वेष घ्यावा लागला, आणि या बाईच्या वाटेत पुरुषाचे नाव आले. डोंगरातल्या एका टप्प्यात तिच्या सायकलचे हँडल मोडले, तेव्हा झाडूचा दांडा बसवून ती पुढे गेली. त्या दिवशी ती वेळेत पोचली नाही, तरी तिला पुढे धावू दिले, आणि ती मिलानपर्यंत पोचली. नव्वद जण निघाले होते, पोचले तिसाच्या आसपास. झाडूचा उपयोग आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे!

आणि आपली पुण्याची वेदांगी कुलकर्णी. २०१८ मध्ये ती एकटी सायकलवरून जगाला फेरी मारून आली. १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर. स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटले, तरी ती थांबली नाही. तेव्हा ती फक्त वीस वर्षांची होती.

पण या झाल्या एकेकट्या बायांच्या गोष्टी. आम्हाला सर्वांत जवळची वाटली ती तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता मोहीम चालू होती. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा त्या मोहिमेचा भाग केला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया सायकल शिकल्या. एक-दोन नाही, जिल्ह्यातल्या हजारो बाया. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायांनी पुरुषी सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या. कारण काय, तर पुढच्या दांड्यावर लेकरू बसवता येते. पाणी आणायचे, माल बाजारात न्यायचा, लेकरू दवाखान्यात न्यायचे, यासाठी कोणाची वाट पाहायची गरज उरली नाही.

बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या दोन अभ्यासकांनी त्याचा परिणाम मोजला. माध्यमिक शाळेत योग्य वयात जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुला-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब, तिथे फायदा अधिक. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या गरजू मुलींना, आठवी ते बारावीच्या, सायकली मिळतात. लांबच्या मुलींसाठी निळ्या बसही त्याच कार्यक्रमातल्या. सरकारने दोन चाके दारापर्यंत आणून दिली. पुढची उंबऱ्यापासूनची जबाबदारी आपली.

आणि तिथेच आपण कमी पडतो. हे आम्ही दुसऱ्यांना नाही, स्वतःला सांगतोय. सायकल येते तेव्हा पोरगी आठवीत असते. दोन वर्षे ती घंटी वाजवत जाते. मग भाऊ मोठा होतो, सायकल त्याची होते. किंवा बापाला रोजावर जायला लागते. किंवा दहावी होते, "आता कुठं जायचंय तिला?" असे म्हणतात, आणि सायकल गोठ्यात जाते. हवा जाते, साखळीला गंज चढतो, आणि त्याच वर्षी स्थळे पाहायला सुरुवात होते. सायकल गंजणे आणि शिक्षण थांबणे या दोन गोष्टी आमच्या घरांत एकाच सुमारास झाल्या. तेव्हा ते आमच्या ध्यानात आले नव्हते. दिंडोरीच्या बांधावर त्या बाईने सीटवर हात फिरवला, तेव्हा आले.

कोणी म्हणेल, पोरीला एकटी रस्त्यावर कशी सोडायची, दिवस चांगले नाहीत. ही भीती खोटी नाही. आम्हीही आया आहोत. पण सावकाराच्या गोष्टीकडे पुन्हा एकदा पाहा. साडेतीनशे वर्षांपूर्वी, भर लुटीत, एक लुगडे फौजेच्या मधून सुखरूप गेले. ते लुगड्याच्या पुण्याईने नाही गेले. हुकूम होता म्हणून गेले, आणि हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होती म्हणून गेले. म्हणजे बाईसाठी रस्ता सुरक्षित करणे हे रस्त्यावरच्या पुरुषांचे आणि कारभाऱ्यांचे काम आहे. बाईला घरात ठेवणे हा त्यावरचा उपाय त्या काळीही नव्हता, आजही नाही. शाळेच्या रस्त्यावर दिवा लागतो का, पानठेल्यावर बसणाऱ्या पोरांना कोणी बोलते का, बस वेळेवर येते का, हे ग्रामसभेत विचारायचे प्रश्न आहेत. आम्ही ते विचारायला सुरुवात केली आहे.

परत आल्यावर आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हालाही सांगतो, पटल्या तर घ्या. पहिली, पोरीला मिळालेली सायकल पोरीच्याच नावाची. चावी तिच्याकडे. बारावी होईपर्यंत ती सायकल दुसऱ्या कोणी नेली तर गटाच्या बैठकीत जाब द्यायचा. दुसरी, महिन्यातल्या एका रविवारी पोरी आणि आया मिळून जवळचे एखादे जुने गाव, देऊळ, बारव किंवा गढी सायकलने पाहायची. पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप गटाचा. ज्या बायांना सायकल येत नाही त्यांना शाळेच्या मैदानात शिकवायचे. आमच्यातली एक बावन्नाव्या वर्षी शिकली आहे, तेव्हा वयाचे कारण चालणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी, आणि आम्हाला वाटते सर्वांत मोठी. एक वही केली आहे. ज्या गावी जाऊ, तिथल्या म्हाताऱ्या बायांजवळ बसायचे आणि विचारायचे. तुमच्या काळी पाणी कुठून आणत? दुष्काळात काय खाल्ले? शाळेत गेला होता का? पहिल्यांदा गावाबाहेर कधी पडलात? जे सांगतील ते त्यांच्या नावानिशी लिहायचे. गौतमी बलश्रीने दगडावर लिहवून घेतले. आपल्याकडे शंभर पानी वही आहे, तेवढी पुरे.

वहीत पहिली नोंद कोणाची झाली सांगू? आमच्याच गावच्या एका आजीची. तिला विचारले, "आजी, कधी सायकलवर बसलात?" ती म्हणाली, "बसले ना. तुझ्या आजोबाच्या मागं, कॅरेजवर. लग्नानंतर एकदाच." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "पुढं काय दिसत होतं ते नाही माहीत. त्याची पाठ आडवी होती."

मैत्रिणींनो, पोरींना पुढचे दिसू द्या. आमचा वेळ संपला. पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या फाटकापाशी जमणार आहोत. हवा भरून या.